मुंबईच्या समुद्राकाठी पायी आणि सायकलने: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मुंबईच्या किनाऱ्यावर चालायला किंवा सायकल चालवायला सुरुवात करायची असेल तर बूट आणि हेल्मेटची खरेदी नंतर करा, आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. आज तिथी कोणती हे कळलं की समुद्र किती वाजता कुठे असेल हे घरबसल्या कळतं. दुसरी गोष्ट, आणि हे माझं पक्कं मत आहे: ज्या रस्त्यावर सायकल न्यायची, तो आधी पायी चालून बघायचा. पायी गेलं की गटाराच्या जाळ्या कुठे आहेत, बेस्टची बस कुठे कडेला घेते, रस्ता ओलांडायचा सिग्नल कुठे आहे हे सगळं डोळ्याखालून जातं. सायकलवर बसून पहिल्यांदाच हे शोधू गेलात तर लक्ष रस्त्यावर राहत नाही आणि समुद्रही नीट बघून होत नाही. म्हणून या लेखात चालणं आधी आहे.

भरती, ऊन आणि वारा

भरतीचा जुना तोंडी हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून गेल्या रविवारी सकाळी पाहिलेला समुद्र या रविवारी त्याच वेळी तसा दिसत नाही. हा हिशेब तासभर इकडेतिकडे होऊ शकतो. फिरण्याची वेळ ठरवायला तो पुरेसा आहे, पण खडकांत उतरायचं असेल तर मात्र भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टकच बघा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. त्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते, त्यामुळे वरळी, हाजी अली, बँडस्टँड इथले खडक उघडे पडलेले दिसतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा चढउतार कमी असतो, आणि सकाळी सहाला कठड्यापर्यंत पाणी असलं तरी लाटांना फार जोर नसतो. सुरुवात करणाऱ्याला हे दिवस सोयीचे.

आता ऊन. आपला फिरण्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य इमारतींच्या मागे असतो, त्यामुळे मरीन ड्राइव्हच्या फुटपाथवर सूर्योदयानंतरही बराच वेळ सावली राहते. संध्याकाळी मात्र ऊन थेट तोंडावर येतं. सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास होतो, तर जूनअखेर सव्वासातनंतर. नुसतं चालायला संध्याकाळ सुंदर आहे. सायकलसाठी मी सकाळच सुचवीन, कारण मावळतीचं ऊन तुमच्याइतकंच गाडी चालवणाऱ्याच्याही डोळ्यांत जातं.

वारा सायकलवाल्याला सगळ्यात आधी जाणवतो. हिवाळा-उन्हाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून येतो आणि मंद असतो. दुपारी समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, चांगला जोराचा वारा सुटतो. त्यामुळे दुपारनंतर चर्चगेटहून वरळीकडे जाताना तो समोरून लागतो आणि परतताना पाठीशी असतो. पावसाळ्यात उलट, नैऋत्येचा वारा उत्तरेकडे जाताना ढकलतो आणि परतीला दम काढतो. नवशिक्यांनी जाताना समोरचा वारा पत्करावा. थकलेले पाय परतीच्या वाटेवर असतात.

एक सूचना नोव्हेंबर ते जानेवारीसाठी. थंडीत पहाटे हवा खाली साचते, धूर आणि धूळ जमिनीलगत राहते. समोरचं वळण धुरकट दिसत असेल तर तेवढ्या दिवसापुरती पहाट सोडा आणि खारे वारे सुटल्यावर, दुपार उतरल्यावर चालायला जा.

पहिली चाल: नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी

सुरुवात इथूनच करा. चर्चगेट स्टेशनला उतरून नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीए या नाट्यसंकुलापर्यंत पंधरा-वीस मिनिटांत पायी पोचता येतं. तिथून समुद्र डाव्या हाताला ठेवून चालू लागा. मरीन ड्राइव्हची ही कमान साधारण साडेतीन किलोमीटरची आहे. सपाट आहे, रुंद आहे, बसायला सलग कट्टा आहे आणि चढ एकही नाही. बेताच्या चालीने चौपाटी पाऊण-एक तासात येते, आणि चर्नी रोड स्टेशन तिथेच असल्यामुळे परत चालत यायची सक्ती नाही. नव्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. कुठेही थकलात तर मरीन लाइन्स स्टेशनही मध्येच हाताशी आहे.

चालताना उजवीकडेही बघा. समुद्रासमोरची ती गोलाकार सज्जांची, आडव्या पट्ट्यांची घरं आर्ट डेको शैलीतली आहेत. ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या इमारती आणि मरीन ड्राइव्हची ही रांग मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. शेवटी चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १९२० च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार याच वाळूत झाले. तिथे दोन मिनिटं थांबावं असं मला नेहमी वाटतं.

बूट साधे चालतील, फक्त तळवा मऊ हवा. सगळी वाट काँक्रीटची आणि फरसबंदीची आहे, पातळ चपलेने टाचा दुखतात. पाणी सोबत घ्या. एकदम पूर्ण अंतर चालायचा अट्टहास नको. वीस मिनिटं पुढे जा, वीस मिनिटं मागे या, आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. कट्ट्यापलीकडच्या काँक्रीटच्या चौपायांवर, म्हणजे टेट्रापॉडवर, कधीही उतरू नका. त्यांच्या फटी खोल असतात, शेवाळ असतं, आणि मोबाइल पडला म्हणून खाली गेलेल्या माणसाला बाहेर काढायला अग्निशमन दल बोलवावं लागतं.

चालून झाल्यावर भूक लागली तर गिरगावात शिरा. ठाकुरद्वारच्या बाजूला फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होमची मिसळ आहे. चौपाटीची भेळ संध्याकाळची. सकाळी ती शोधू नका.

ज्यांना अजून चालायचं असेल त्यांनी चौपाटीवरून मलबार हिलवर चढावं. वाळकेश्वरचा चढ दमवतो, पण वर बाणगंगा आहे, कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे, आणि २०२५ मध्ये खुला झालेला झाडांमधला उन्नत लाकडी मार्गही तिथेच आहे. तो ४८५ मीटरचा आहे आणि त्याची वेळ आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते.

नवा पट्टा: प्रियदर्शिनी पार्क ते वरळी

किनारी रस्ता, म्हणजे धर्मवीर स्वराज्यरक्षक छत्रपती संभाजी महाराज मुंबई किनारा रस्ता, २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याच्या समुद्राकडच्या बाजूला चालण्यासाठी आणि सायकलसाठी साडेसात किलोमीटरचं विहार क्षेत्र आखलेलं आहे. त्यातला सव्वापाच किलोमीटरचा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी उघडला: एक तुकडा प्रियदर्शिनी पार्क ते हाजी अली, दुसरा बडोदा पॅलेसपासून वरळीपर्यंत. गाड्यांपासून पूर्ण वेगळी अशी इतकी लांब वाट मुंबईच्या किनाऱ्यावर याआधी नव्हती. सायकल पहिल्यांदा हातात घेणाऱ्याने ती इथेच चालवावी असं मी आवर्जून सांगेन.

इथे तीन गोष्टी मरीन ड्राइव्हपेक्षा वेगळ्या आहेत. पहिली, शहर आणि ही वाट यांच्यामध्ये वेगाने धावणारा रस्ता आहे. त्यामुळे आत जायला पादचारी भुयारी मार्गच वापरावे लागतात, रस्ता वरून ओलांडायचा विचारही करू नका. सायकल भुयारातून हाताने ढकलत न्या. दुसरी, ही भुयारं ठरावीक ठिकाणीच आहेत, म्हणजे एकदा आत गेलं की मनात येईल तिथून बाहेर पडता येत नाही. आत शिरताना पुढचं भुयार कुठे आहे हे फलकावर बघून ठेवा, आणि पाणी, औषध, नैसर्गिक विधी हे सगळं आधी उरकून घ्या. तिसरी, सावली जवळजवळ नाही. झाडं लावलेली आहेत, ती मोठी व्हायला वेळ लागेल. सकाळी नऊनंतर टोपीशिवाय जाऊ नये.

किनारी रस्त्यावर आणि त्याच्या बोगद्यात मात्र सायकल, दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही तसंच. नवे लोक नकाशावरची सरळ रेघ बघून चुकतात. मोबाइलमध्ये मार्ग शोधताना गाडीची खूण काढून चालण्याची किंवा सायकलची खूण निवडा.

हाजी अलीला दर्ग्यापर्यंत जायचं असेल तर पुन्हा तिथी आठवा. दर्ग्याची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. वरळीला जुन्या सी फेसवर आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा पुतळा आहे, आणि उत्तरेच्या टोकाला वरळी कोळीवाडा आणि किल्ला. कोळीवाड्यात शिरलात तर हे लोकांचं राहतं गाव आहे हे लक्षात ठेवा. गल्ल्या अरुंद आहेत, जाळी आणि सुकट वाळत घातलेली असते. सायकलवरून उतरून चालावं आणि फोटो विचारून काढावा.

सायकल: काय घ्यावं, काय तपासावं

सुरुवातीला नवी सायकल घेऊ नका. ओळखीच्याकडून महिनाभर मागून आणा किंवा भाड्याने घ्या. पुढे घ्यायचीच झाली तर मुंबईच्या रस्त्यांना हायब्रिड बरी: टायर ना फार बारीक ना फार जाड, आणि बसायची पद्धत ताठ. रोडबाइकचा बारीक टायर आपल्याकडच्या गटाराच्या जाळीत अडकू शकतो. गिअरशिवायची साधी सायकलही मरीन ड्राइव्ह आणि विहार क्षेत्राला पुरते, कारण तिथे चढच नाही.

सीटची उंची बहुतेक जण कमी ठेवतात आणि मग गुडघे दुखतात. सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ झाला तर उंची बरोबर. चालवताना पायाचा चवडा पायडलवर असतो, तेव्हा गुडघ्यात हलकासा बाक राहतो, तो हवाच.

निघण्याआधी तीन गोष्टी बघा. टायरमधली हवा, किती भरायची हा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा, चाक जागेवर थांबलं पाहिजे. चेन हाताने उलटी फिरवा, ती न अडकता फिरली पाहिजे. सोबत जादा ट्यूब, छोटा पंप, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर आणि पाना ठेवा. पंक्चर काढता येत नसेल तर घरी अंगणात किंवा गच्चीवर एकदा चाक काढून बसवून बघा. रविवारी सकाळी सहाला पंक्चरवाला उघडा नसतो.

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं. मागे सरकवून घातलेलं हेल्मेट पडल्यावर काही उपयोगाचं नाही. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, पहाटे निघणार असाल तर दोन्ही हवेतच. कानात इअरफोन नको.

रस्त्यावर

पहिली रस्त्यावरची फेरी रविवारी पहाटे साडेपाच ते साडेसात या वेळात मरीन ड्राइव्हला करा. त्या वेळी सायकलवाले बरेच असतात आणि गाड्या कमी. आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्यामुळे नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे जाणारी बाजू समुद्राला लागून आहे. त्या बाजूला गल्ल्या येऊन मिळत नाहीत, म्हणून ती सोपी. परतीची बाजू इमारतींकडची आहे. तिथे प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वेग कमी करा, उभ्या टॅक्सीपासून हातभर अंतर ठेवा, कारण दार कधीही उघडतं.

प्रिन्सेस स्ट्रीट पुलाच्या आसपास किनारी रस्त्याच्या बोगद्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा वेग वाढलेला असतो. फलक बघून चौपाटीकडचीच मार्गिका धरा. मनात जरा जरी धाकधूक असेल तर पुलाच्या अलीकडूनच परत फिरा, पहिल्या महिन्यात तेवढं अंतर पुरतं. वळताना मध्येच यू-टर्न मारू नका. सिग्नलला उतरा, सायकल हातात धरून झेब्रावरून पलीकडे जा, मग पुन्हा बसा.

मरीन ड्राइव्हचा फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, तिथे सायकल चालवू नये. विहार क्षेत्रात सायकलची पट्टी वेगळी असली तरी सकाळी चार-चार आजी-आजोबा गप्पा मारत त्या पट्टीवर येतात. वेग चालण्याइतका करा. मागून अचानक घंटी वाजली तर म्हातारं माणूस दचकून नेमकं आडवं येतं. त्यापेक्षा दुरूनच "काका, उजवीकडून जातोय" म्हणणं जास्त चांगलं.

एकट्या बाईने पहाटे जायचं असेल तर मरीन ड्राइव्हला साडेपाचपासून पुरेशी माणसं असतात. विहार क्षेत्रात उजाडल्यानंतरच जावं आणि शक्यतो दोघींनी मिळून. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे आकडे मोबाइलमध्ये घालून ठेवा.

काही दिवस सोडूनच द्या: अनंत चतुर्दशीला गिरगाव, दादर आणि जुहूचा किनारा, ६ डिसेंबरच्या मागेपुढे चैत्यभूमीचा परिसर, आणि जानेवारीतला मॅरेथॉनचा रविवार, ज्या दिवशी मरीन ड्राइव्हसह बरेच रस्ते धावणाऱ्यांसाठी राखलेले असतात.

पावसाळा

पावसात चालणं बंद करायची गरज नाही, पण उधाणाच्या भरतीला कठड्यापासून लांब राहा. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, आणि ते वर्तमानपत्रात छापून येतात. ते पान कापून फ्रिजवर लावा. पौर्णिमा-अमावास्येला ही भरती दुपारी बाराच्या आसपास येते, त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर सखल भागात पाणी साचतं आणि घरी परतणंच अवघड होतं.

सायकल मात्र जूनमध्ये नवशिक्याने चालवू नये. पहिल्या सरींत डांबरावरचं तेल वर येतं आणि रस्ता निसरडा होतो. रबरी ब्रेक ओल्या रिमवर उशिरा लागतात. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही.

पावसाळ्यात जुहू आणि गिरगावच्या वाळूत निळे फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहून येतात. मेलेल्या ब्लू बॉटलचाही दंश होतो, त्याला हात लावू नका आणि अनवाणी चालू नका. दंश झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे उघड्या बोटांनी न काढता चिमट्याने काढा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

ओहोटीला थांबा

किनाऱ्यावर नुसतं अंतर कापून परत येणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं. हिवाळ्यात उधाणाच्या ओहोटीला हाजी अली किंवा कार्टर रोडच्या खडकांत डबकी उरतात, आणि त्यांत खेकडे, समुद्रफुलं, गोगलगायी, कधी छोटं ऑक्टोपसही दिसतं. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट २०१७ पासून लोकांना हे दाखवायला किनाराफेऱ्या काढतो. पहिल्यांदा अशा जाणकारांबरोबरच उतरा. घट्ट बूट घाला, दगड उलटला तर होता तसा परत ठेवा, काहीही घरी आणू नका, आणि पाणी वळलं की लगेच वर या.

हात बसल्यावर

पुढचा टप्पा वरळी ते वांद्रे. सागरी सेतू सायकलला बंद असल्यामुळे प्रभादेवी, कॅडेल रोड (म्हणजे वीर सावरकर मार्ग), माहीम आणि कॉजवे असा शहरातला रस्ता घ्यावा लागतो. कॉजवेला रहदारी दाट असते, तिथे रविवार पहाटेशिवाय जाऊ नये. वाटेत दादर चौपाटीजवळची दर्शक गॅलरी आहे आणि शिवाजी पार्कला प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष. वांद्र्याला बँडस्टँडच्या टोकाला १६४० चा पोर्तुगीज किल्ला, तिथून चिंबई गावातून कार्टर रोड. हे दोन्ही तुकडे लहान आहेत, सायकल लावून पायीच फिरावेत.

त्याहून लांब जायचं असेल तर वर्सोव्याहून बोटीने मढला उतरा. बोट सायकल घेते. मढहून एरंगळ, आक्सा करत मार्वेला या, तिथून दुसऱ्या बोटीने मनोरी आणि पुढे गोराई. रस्ता बारीक आहे, नारळ आहेत, गाड्या कमी. आक्साच्या पाण्यात मात्र पोहायला उतरू नका, तिथे ओढ फार आहे आणि दर वर्षी माणसं बुडतात. पावसाळ्यात या बोटी हवामानाप्रमाणे बंद होतात, म्हणून ही फेरी ऑक्टोबरनंतरची. पहिली बोट कितीची, शेवटची कितीची हे आदल्या दिवशी जेटीवर विचारून ठेवा. शेवटची चुकली तर रस्त्याने भाईंदरचा मोठा वळसा पडतो.

घरी आल्यावर सायकल तशीच ठेवू नका. खारी हवा चेन आणि नट-बोल्ट फार लवकर गंजवते. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळी सायकल पुसा, पाइपाचा जोराचा फवारा चाकाच्या मधल्या भागावर मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं. चेन कोरडी करून कडीकडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा, पाच मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. समुद्राकडे तोंड असलेल्या उघड्या गॅलरीत सायकल ठेवण्यापेक्षा ती घरातच भिंतीला टेकवून ठेवलेली बरी.